जबाबदारीने प्रवास कसा करायचा: तिकीट काढण्याआधीपासून परत आल्यानंतरपर्यंत

पर्यावरणाला आणि तिथल्या माणसांना त्रास न होऊ देता फिरायचं असं ठरवलं की आपल्या डोक्यात आधी येते ती स्टीलची बाटली आणि कापडी पिशवी. दोन्ही घ्याच. पण आपल्या ट्रिपचा भलाबुरा परिणाम जो काही होणार असतो तो बहुतेक सगळा बुकिंग करतानाच ठरून जातो: किती लांब जायचं, कशाने जायचं, किती दिवस राहायचं, कुठल्या महिन्यात जायचं आणि पैसे कोणाच्या हातात द्यायचे. हे चुकलं तर पुढे बाटली कितीही वेळा भरून घेतली तरी हिशोब जुळत नाही. म्हणून खाली सगळं त्याच क्रमाने दिलंय, मोठं आधी आणि बारीकसारीक नंतर.

अंदाज यावा म्हणून एक आकडा सांगतो. २०१८ मधे नेचर क्लायमेट चेंज या जर्नलमधे एक अभ्यास आला होता, त्यात प्रवास, राहणं, खाणं, खरेदी सगळं धरून जगातल्या ग्रीनहाऊस वायूंमधला पर्यटनाचा वाटा साधारण ८ टक्के निघाला. म्हणजे हा विषय अजिबात छोटा नाही.

पायरी १: ट्रिपा कमी, मुक्काम मोठा

वर्षात चार वेळा विमानाने वीकेंडला जाऊन येण्यापेक्षा एकदाच जा आणि निवांत राहा. येण्याजाण्याचा कार्बन तेवढाच असतो, तुम्ही तिथे दोन दिवस राहा नाहीतर पंधरा, त्यामुळे मुक्काम वाढला की दर दिवसामागचा भार आपोआप कमी होतो. आणि तिथल्या लोकांच्या दृष्टीनेही हेच बरं असतं, कारण जो माणूस सकाळी येऊन संध्याकाळी जातो तो गर्दी करतो, टॉयलेट वापरतो, कचरा टाकतो आणि खर्च मात्र फारसा करत नाही, तर जो आठवडाभर राहतो तो गल्लीतल्या दुकानातून सामान घेतो, केस कापून घेतो, चप्पल तुटली तर शिवून घेतो.

एकाच ट्रिपमधे पाच शहरं कोंबू नका. एखादा भाग निवडा आणि तिथेच बस, ट्रेन किंवा सायकलने फिरा.

पायरी २: कशाने जायचं

ब्रिटिश सरकार दरवर्षी प्रवासाच्या साधनांचे उत्सर्जनाचे आकडे काढतं. त्यात एका प्रवाशामागे एका किलोमीटरला ट्रेनचे साधारण ३५ ग्रॅम ग्रीनहाऊस वायू धरले आहेत आणि देशांतर्गत विमानाचे अडीचशेच्या आसपास, म्हणजे जवळपास सातपट. प्रत्येक देशात हे थोडं बदलेल, कारण ट्रेन विजेवर चालते की डिझेलवर आणि ती वीज कशापासून बनते यावर बरंच अवलंबून असतं, पण क्रम सहसा तोच राहतो: ट्रेन आणि लांब पल्ल्याची बस सगळ्यात चांगली, विमान सगळ्यात वाईट. गाडीचं गणित मात्र वेगळं आहे. एकटा माणूस गाडी चालवत गेला तर वाईट, पण तीच गाडी चौघांनी भरून नेली तर माणशी आकडा चौथ्या हिश्श्यावर येतो आणि ट्रेनच्या बराच जवळ जातो. त्यामुळे जिथे बस-ट्रेन पोचतच नाही तिथे गाडी शेअर करणं हा पूर्णपणे योग्य पर्याय आहे, त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

छोट्या अंतराला विमान टाळा. फ्रान्सने तर २०२३ मधे जिथे अडीच तासांच्या आत ट्रेनने पोचता येतं अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्या कायद्यानेच बंद केल्या. तोच नियम आपण स्वतःसाठी थोडा वाढवून घेऊ शकतो, पाच-सहा तासांची ट्रेन असेल तर विमान बघायचंच नाही, कारण विमानतळावर जाणं, चेकिंग, थांबणं, उतरून परत शहरात येणं यात तेवढाच वेळ जातो.

विमानाशिवाय इलाजच नसेल तर एवढं करा:

- शक्यतो डायरेक्ट फ्लाइट घ्या. टेकऑफ करून वर चढताना इंधन खूप जळतं आणि मधे उतरलं की अंतरही वाढतं.
- इकॉनॉमीनेच जा. बिझनेस क्लासची सीट जागा जास्त खाते, त्यामुळे एका प्रवाशाच्या वाट्याचा कार्बन साधारण तिप्पट धरतात.
- सामान कमी घ्या. फरक छोटा असतो, पण पुढे बस-ट्रेनने फिरणंही त्यानेच सोपं होतं.

तिकिटाच्या पेजवर शेवटी थोडे पैसे भरून कार्बन ऑफसेट करा, म्हणजे आपल्या वाट्याचा कार्बन झाडं लावून वगैरे भरून काढा, असा टिक करायचा चौकोन असतो. माझं मत विचाराल तर त्याच्यावर विसंबून राहू नका. तुमच्या विमानाचा धूर आज वर जातो आणि त्याच्या बदल्यात लावलेलं झाड तो शोषून घ्यायला कित्येक वर्षं घेतं, तेही ते झाड तोपर्यंत जगलं तर. शिवाय विमान फक्त कार्बन डायऑक्साइड सोडत नाही, उंचावर त्याच्यामागे पांढरे पट्टे तयार होतात त्यांचीही उष्णता अडकवण्यात भर असते आणि ऑफसेटच्या हिशोबात ती बहुतेक वेळा धरलेली नसते. पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, फक्त त्याने हिशोब चुकता झाला असं समजून पुढची फ्लाइट बुक करू नका.

क्रूझबद्दल थोडक्यात. मोठं जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल, एका बंदरात काही तासांसाठी हजारो माणसं उतरवतं आणि जेवायला परत जहाजावर नेतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, काही अटी पाळून, मैलापाणी प्रक्रिया न करताही समुद्रात सोडता येतं. इटलीच्या सरकारने २०२१ मधे मोठ्या क्रूझ जहाजांना व्हेनिस शहरासमोरच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी घातली ती उगाच नाही. समुद्रच बघायचा असेल तर नेहमीची प्रवासी फेरीबोट किंवा छोटी लोकल बोट बघा.

पायरी ३: कुठे आणि कधी

थायलंडमधल्या माया बे चं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. कड्यांनी वेढलेला छोटासा किनारा, दिवसाला हजारो माणसं यायची, स्पीडबोटी थेट उथळ पाण्यात घुसायच्या आणि तिथेच नांगर टाकायच्या. नांगराने आणि बोटींनी प्रवाळ तुटलं आणि २०१८ च्या जूनमधे सरकारला तो किनारा बंद करावा लागला. सुरुवातीला चार महिने म्हणून बंद केला आणि उघडायला २०२२ चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात तिथे प्रवाळाची हाताने लागवड केली आणि काळ्या टोकाच्या पराचे रीफ शार्क परत दिसायला लागले. आता बोटी बेटाच्या मागच्या बाजूला लागतात, लोक लाकडी वाटेवरून चालत येतात, पाण्यात पोहू देत नाहीत, आणि पावसाळ्यात दोनेक महिने किनारा दरवर्षी बंद ठेवतात.

यावरून आपण घ्यायचं ते असं की जायच्या आधी त्या जागेचे नियम शोधा, रोजची मर्यादा आहे का, कुठले महिने बंद असतं, परमिट लागतं का. पेरूमधल्या इंका ट्रेलवर गाइड आणि हमाल धरून दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात आणि फेब्रुवारीत तो मार्ग दुरुस्तीसाठी बंद असतो. परमिट संपली असतील तर कोणी मागच्या दाराने नेतो म्हटलं तरी जाऊ नका, दुसरी वाट निवडा.

गर्दीच्या जागी जायचंच असेल तर सीझनच्या आगेमागे जा. पाणीटंचाईचा भाग असेल तर ऐन उन्हाळ्यात जाऊ नका, कारण तिथे तुमच्या शॉवरचं आणि हॉटेलच्या पूलचं पाणी त्याच गावच्या साठ्यातून येतं. आणि कमी माहितीच्या सुंदर जागा शोधून तिथे धडकायचं हा सरसकट उपाय नाही, तिथे टॉयलेट, कचऱ्याची सोय, वनरक्षक यातलं काहीच नसेल तर दहा माणसांची गर्दीसुद्धा त्या जागेला झेपत नाही.

पायरी ४: पैसे कोणाच्या हातात जातात

ही पायरी लोक सगळ्यात जास्त सोडून देतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळं आत मिळणाऱ्या ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमधे तुम्ही भरलेल्या पैशातला बराच भाग परदेशी मालक, विमान कंपनी, बुकिंग साइट आणि बाहेरून आणलेल्या मालाकडे जातो, आणि गेटबाहेरच्या गावाला मिळतो तो आवाज आणि कचरा.

राहायला घरमालक स्वतः राहतो अशी घरातली खोली, छोटं कौटुंबिक गेस्टहाऊस किंवा गावाने मिळून चालवलेली जागा शोधा. अख्खा फ्लॅट भाड्याने घेताना जरा थांबा. अशा फ्लॅट्समुळे बऱ्याच शहरांत तिथल्याच लोकांना भाड्याची घरं मिळेनाशी झाली आहेत, बार्सिलोनाने तर पर्यटकांसाठीच्या सुमारे १०,००० फ्लॅट्सची लायसन्स २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. घ्यायचाच असेल तर लिस्टिंगमधे नोंदणी नंबर आहे का बघा आणि त्याच मालकाची अजून किती घरं आहेत तेही बघा, वीस-तीस असतील तर तो घर शेअर करत नाहीये, धंदा करतोय.

इको, ग्रीन, सस्टेनेबल असे शब्द कोणीही लिहितं. सर्टिफिकेट असेल तर ते कोणी दिलंय ते बघा. ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल ही संस्था हॉटेलना स्वतः सर्टिफिकेट देत नाही, ती सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना मान्यता देते, त्यामुळे तिच्या यादीतल्या संस्थेने तपासलंय का एवढं तरी बघता येतं. पण छोट्या गेस्टहाऊसला तो खर्च परवडत नाही, सर्टिफिकेट नाही म्हणून त्यांना बाद करू नका, त्यांना सरळ विचारा.

टूर कंपनीला मेल करून मी असे प्रश्न विचारतो, तुम्ही जसेच्या तसे वापरा: "ग्रुपमधे जास्तीत जास्त किती माणसं असतात? गाइड त्याच भागातला आहे का आणि त्याला रोज किती मिळतात? कचरा खाली कोण आणतं? हमालांचा इन्शुरन्स आहे का, ते कुठे झोपतात?" ज्याच्याकडे उत्तरं आहेत तो दोन ओळींत नीट सांगतो. जो "आम्ही निसर्गाची काळजी घेतो" एवढंच लिहून पाठवतो त्याला सोडून द्या.

हमालांचं थोडं जास्त सांगतो, कारण उंच डोंगरावर जीव त्यांचा जातो. टांझानियातल्या किलीमांजारो पर्वतावर एका हमालाने २० किलोपेक्षा जास्त उचलू नये असा नियम आहे आणि गेटवर काट्यावर वजन करतात. काही ऑपरेटर गेटवर वजन बरोबर दाखवतात आणि पुढे गेल्यावर हमाल कमी करून ओझं वाटून देतात. स्वस्त पॅकेज स्वस्त का आहे याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं, कमी माणसं, कमी पगार, पातळ जॅकेट, दिवसात एकच जेवण. किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट अशा गोष्टींवर लक्ष ठेवतं आणि नीट वागणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवतं, बुक करताना ती बघा. वर गेल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबरची माणसं मोजा, तेवढीच आहेत का. टिप मुख्य गाइडच्या हातात एकगठ्ठा न देता सगळ्यांसमोर ज्याची त्याला द्या.

पायरी ५: बॅग

इथे फार वेळ घालवायला नको. बाटली, डबा, चमचा, पिशवी, साबणाची वडी, औषधं. नवीन "इको" सामान विकत घेऊ नका, घरात आहे तेच न्या. समुद्रात उतरणार असाल तर सनस्क्रीनच्या मागे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन नावं शोधा आणि असतील तर ते क्रीम वापरू नका, पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळासाठी यांच्यावर बंदी आणली आहे. सगळ्यात सोपं म्हणजे पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टीशर्ट, मग क्रीम लागतंच किती.

बूट आणि तंबूचे खिळे घासून धुवून न्या, आणि परत येतानाही धुवा. तळव्यातल्या मातीतून बिया आणि बुरशीसारखे रोग एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. न्यूझीलंडमधली कौरी नावाची प्रचंड झाडं अशाच मातीतून पसरणाऱ्या रोगाने मरत आहेत, तिथे वाटेवर बूट धुवायची ठिकाणंच केली आहेत आणि काही वाटा चक्क बंद ठेवल्या आहेत.

पायरी ६: पाणी, कचरा आणि उघड्यावर जाणं

नळाचं पाणी पिण्यासारखं नसेल तर बाटल्यांचे क्रेट घेऊ नका. पाणी उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळलं की पुरतं, साधारण २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. फिल्टर घेणार असाल तर तो व्हायरस अडवतो का ते बघा, बरेच साधे फिल्टर फक्त बॅक्टेरिया आणि परजीवी अडवतात. खोलीत रोज चादर-टॉवेल बदलू नका असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा आणि बाहेर जाताना एसी बंद करा.

ट्रेकवर कचरा सगळा खाली आणायचा, फळांची सालंसुद्धा. साल कुजतं हे खरं, पण थंड आणि कोरड्या हवेत त्याला खूप वेळ लागतो आणि तोपर्यंत प्राण्यांना माणसाच्या खाण्याची चटक लागते.

आता ज्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही ते. टॉयलेट नसेल तिथे पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून साधारण ६० मीटर, म्हणजे ७०-८० पावलं लांब जा. छोट्या खुरप्याने १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करा, त्याच थरात कुजवणारे जीव जास्त असतात, त्यापेक्षा फार खोल गेलात तर कुजत नाही. मग मातीने नीट बुजवा. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, दुहेरी पिशवीत घालून परत आणायचे. वेट वाइप्सही तसेच, त्यातल्या बऱ्याच वाइप्समधे प्लॅस्टिकचे धागे असतात. बर्फाळ, वाळवंटी किंवा खूप वर्दळीच्या जागी खड्डासुद्धा चालत नाही, तिथे विष्ठाही पिशवीतून खाली आणावी लागते, त्यासाठी खास पिशव्या मिळतात.

पायरी ७: प्राणी

ओळखायला सोपं आहे: जिथे वन्य प्राण्याला हात लावता येतो, त्याच्यावर बसता येतं, त्याला आंघोळ घालता येते किंवा मिठी मारून फोटो काढता येतो, तिथे जायचं नाही. बोर्डावर सँक्च्युअरी लिहिलं असलं तरी नाही. माणसाला पाठीवर बसवून घ्यायला हत्तीला लहानपणी आईपासून तोडून, बांधून, मारून तयार करतात. थायलंडमधल्या वाघांसोबत फोटो काढू देणाऱ्या एका प्रसिद्ध मंदिरावर २०१६ मधे धाड पडली तेव्हा फ्रीजरमधे ४० मेलेले बछडे सापडले होते. तिथे आलेले पर्यटक वाईट नव्हते, त्यांना वाघ आवडत होते, आणि त्यांच्याच तिकिटांवर ते सगळं चालत होतं.

जंगलात अंतर पाळा. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमधे अस्वल आणि लांडग्यांपासून किमान १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर आणि बाकी मोठ्या प्राण्यांपासून २५ यार्ड असा नियम आहे. जिथे नियम लिहिलेला नाही तिथे प्राण्याकडे बघा, त्याने खाणं थांबवून मान वर केली, कान टवकारले, पिल्लाला जवळ घेतलं, म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेलात, मागे या. ड्रायव्हरला अजून जवळ घे म्हणून जास्त पैसे देऊ नका, उलट गाडी लांब थांबवली म्हणून द्या. खायला घालायचं नाही, ड्रोन उडवायचं नाही. स्नॉर्कलिंग करताना प्रवाळावर उभं राहू नका, त्यातल्या बऱ्याच जाती वर्षाला काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटीमीटरच वाढतात, तुमच्या एका पायाखाली कित्येक वर्षांची वाढ असते.

पायरी ८: माणसं

जायच्या आधी नमस्कार, कृपया, धन्यवाद आणि "फोटो काढू का" एवढं तरी तिथल्या भाषेत शिका. नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाही, आणि काढले तरी शाळेचं नाव किंवा लोकेशन दिसेल असे टाकू नका.

मुलांना गोळ्या, पेन, पैसे वाटू नका. शाळेत जाण्यापेक्षा पर्यटकांच्या मागे फिरण्यात जास्त मिळतं हे एकदा घरच्यांना दिसलं की शाळा सुटते. द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन शिक्षकांना काय लागतं विचारा.

अनाथालयाची भेट किंवा तिथे दोन आठवड्यांचं व्हॉलंटियरिंग, हे कृपया करू नका. अनेक देशांत अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, आणि भेट देणाऱ्यांचे पैसे येतात म्हणून गरीब घरांतून मुलं आणली जातात. आणि संस्था प्रामाणिक असली तरी ज्या मुलाला दर पंधरा दिवसांनी नवा माणूस जीव लावून सोडून जातो त्याचं काय होत असेल याचा विचार करा. व्हॉलंटियरिंगची मनापासून इच्छा असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे काम मला माझ्या शहरात करू दिलं असतं का? शिकवण्याचं प्रशिक्षण नसेल तर तिथेही शिकवायचं नाही.

पवित्र जागांवर तिथल्या लोकांचा शब्द शेवटचा. ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकावर चढू नका अशी विनंती तिथले मूळ रहिवासी अनांगू लोक कित्येक वर्षं करत होते, पायथ्याशी बोर्ड होता, तरी लोक तो वाचून वर चढायचे, शेवटी २०१९ च्या ऑक्टोबरमधे चढाई कायमची बंद झाली. बंदी येईपर्यंत थांबायची गरज नसते, विनंती पुरेशी असते.

घासाघीस करायची तिथे करा, पण हाताने दोन दिवस बसून विणलेल्या वस्तूची किंमत अर्ध्यावर आणून खूश होऊ नका. शंख, प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू, हस्तिदंत, जुनी नाणी-मूर्ती अजिबात घेऊ नका. यातल्या बऱ्याच गोष्टी १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, परवानगीशिवाय विमानतळावर जप्त होतात आणि केसही होऊ शकते, दुकानदाराने कागद दिला असला तरी.

पायरी ९: परत आल्यावर

चांगल्या गेस्टहाऊसला, चांगल्या गाइडला सविस्तर रिव्ह्यू द्या, आणि त्यात नेमकं लिहा: कचरा वेगळा करतात, हमालांना चांगले तंबू होते, गाइडने प्राण्यापासून अंतर ठेवलं. पुढच्या माणसाला यानेच निवड करता येते आणि मालकालाही कळतं की लोक याच्यासाठी येतात. नाजूक जागेचा, घरट्याचा, प्राण्याच्या बिळाचा फोटो टाकताना लोकेशन काढून टाका, शिकारीसुद्धा सोशल मीडिया बघतात.

काही चुकीचं दिसलं असेल तर नुसती पोस्ट टाकून थांबू नका. ज्या साइटवरून तिकीट घेतलं तिला आणि त्या पार्कच्या ऑफिसला, दोघांनाही मेल करा. तारीख, वेळ, जागा, बोटीचा किंवा गाडीचा नंबर, काय दिसलं ते चार ओळींत, आणि फोटो. यातले बहुतेक तपशील नंतर आठवत नाहीत, म्हणून तिथे असतानाच फोनमधे टिपून ठेवा. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच मेल परत पाठवा.